कुणाच्या माहेरची गाडी?

आमच्या शेजारच्या काकूंचं आणि त्यांच्या सुनेचं भाजीतल्या मिठावरून कधी वाजत नाही. टीव्हीच्या रिमोटवरूनही नाही. वाजतं ते रेल्वेवरून. काकूंचं माहेर कारंजा लाडचं, सूनबाई नाशिकची आणि काकांचा सगळा जन्म पूर्णा-अकोला लाइनीवर गेलेला. अशा घराला लागून माझी भिंत आहे. हिंगोलीत करमणूक नाही म्हणणाऱ्यांनी एकदा या भिंतीपाशी येऊन उभं राहावं.

परवा काकू भिंतीवर सूप टेकवून मेथी निवडायल्या होत्या. मला बघितलं आणि आवाज खाली आणला. म्हणजे आत स्वयंपाकघरात सुनेला नीट ऐकू जाईल, एवढाच ठेवला.

“ऐकलंस का गं? आमच्या बाईसाहेब म्हणतात, नाशकात ट्राम होती! मुंबईला होती, कलकत्त्याला होती, हे आपल्याला माहीत आहे. नाशकात कुठून आली बाप्पा? माहेरचं कौतुक असावं, पण किती?”

“आई, मी ऐकतेय हं,” आतून आवाज आला.

“ऐक की. तुझ्यासाठीच बोलायले.”

सून कणकेचे हात घेऊनच बाहेर आली. “ताई, तुम्हीच सांगा यांना. आमचे पणजोबा मेन रोडवरून तिच्यात बसून स्टेशनला जायचे. घोडे ओढायचे तिला.”

“घोडे!” काकूंनी मेथीची जुडी खाली ठेवली. “म्हणजे टांगा म्हण ना सरळ.”

आता सासू-सुनेच्या मधे तोंड घालू नये, हे मला कळतं. पण इथं सून खरं बोलत होती, आणि खऱ्याची बाजू घ्यायला मिळते आहे असे प्रसंग शेजारधर्मात वारंवार येत नाहीत. मी म्हटलं, “काकू, होती. टांगा नव्हे, रुळांवरची. 1889 च्या सुमाराची.”

गोष्ट अशी होती. मुंबईहून निघालेली रेल्वे नाशिकला आली, पण गावात आली नाही. स्टेशन पडलं आठ-दहा किलोमीटर लांब, मधे दाट झाडी. गोदावरीवर स्नानाला येणारा यात्रेकरू गाडीतून उतरायचा आणि पुढं काय, म्हणून बघत राहायचा. तेव्हा एका खासगी कंपनीनं जुन्या नगरपालिकेच्या इमारतीपासून मेन रोडवरून थेट नाशिक रोड स्टेशनापर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. दोन डबे आणि त्यांना चार घोडे. पुढं घोडे गेले आणि पेट्रोलचं इंजिन आलं. पेट्रोलवर ट्राम ओढण्याचा भारतातला पहिला मान नाशिकलाच देतात. नंतर दुष्काळ आला, प्लेग आला, बाजारपेठ बसली, कंपनी तोट्यात गेली. 1931 ते 33 च्या दरम्यान गाडी बंद झाली.

सुनेनं सासूकडे नुसतं बघितलं. काही बोलली नाही. नाशिकच्या मुली हुशार असतात.

“मग ती रेल्वे झाली,” काकू सहजी हरणाऱ्यातल्या नाहीत. “स्टेशनापासून निघते, रुळावर चालते. ट्राम कामून म्हणायचं तिला?”

यावर पडवीतल्या खुर्चीतून, वर्तमानपत्राच्या मागून काका बोलले. काका नोकरीतून निवृत्त झाले, पण रेल्वेतून नाही. “रूळ रस्त्यात गाडलेले, स्टेशनं नाहीत, सिग्नल नाहीत, अन् माणसानं हात केला की थांबती, ती ट्राम. गेजचा संबंध नाही. मुंबईच्या ट्रामचे रूळ चार फूट साडेआठ इंचांचे होते, आपल्या नॅरो गेजपेक्षा कितीतरी रुंद.”

“हात केल्यावर थांबती ती ट्राम?” काकूंचे डोळे चमकले. “मग आमची शकुंतला ट्रामच.”

आणि इथून पुढं अर्धा तास कुणाला बोलायची सोय राहिली नाही.

शकुंतला म्हणजे मूर्तिजापूरची छोटी गाडी. मूर्तिजापुरातून एक फाटा खाली कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जायचा आणि दुसरा वर दर्यापूर, अंजनगाव करत अचलपूरला. रूळ तेच, अडीच फुटी. वऱ्हाडातला कापूस आधी मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीनं मुंबईला आणि पुढं बोटीनं मँचेस्टरला जावा म्हणून इंग्रजी कंपनीनं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही लाइन टाकली. कापूस तिकडं गेला आणि बदल्यात तिथून एक वाफेचं इंजिन आलं, 1921 साली मँचेस्टरला घडवलेलं. ते 1994 पर्यंत राबलं. सत्तर वर्षं. काकूंच्या लग्नाचं वऱ्हाडही त्याच इंजिनाच्या मागं बसून निघालं होतं.

“माझ्या शालूला इथं, बघ, इथं,” काकूंनी पदराचा काठ चिमटीत धरून दाखवला, जणू तोच शालू नेसल्या होत्या, “कोळशाचं ठिणगं पडलं होतं. राईएवढं भोक. आईनं डोळ्याला पदर लावला, मला वाटलं मी सासरी जायले म्हणून. ती शालूसाठी रडत होती.”

“पण थांबायची का हात केल्यावर?” सुनेनं मुद्दा सोडला नाही.

“थांबायची म्हणजे? गार्डाला सगळं गाव ओळखायचं. तोच तिकिटं फाडायचा, तोच झेंडी दाखवायचा, तोच खाली उतरून इंजिन सोडायचा अन् जोडायचा. आमच्या मामाचा डबा विसरला तर मामी शेताच्या बांधावर डबा घेऊन उभी. गाडी हळू झाली, डबा आत गेला, गाडी निघाली. तुझ्या ट्रामला असं कुणी डबा दिलेला आहे का?”

चालत्या गाडीतून उतरून शेतातली बोरं तोडून परत त्याच गाडीत चढल्याची गोष्टही काकूंनी सांगितली. ही गोष्ट मी शकुंतलेची ऐकली आहे, पाचोरा-जामनेर गाडीची ऐकली आहे आणि माथेरानच्या गाडीची तर कितीदा तरी. फळ तेवढं प्रत्येक ठिकाणी बदलतं. खोटी आहे असं मी म्हणत नाही, पण या सगळ्या गाड्यांच्या कडेला एवढी बोरं, जांभळं आणि पेरू होते, तर शेतकऱ्याचं कसं भागत होतं देव जाणे.

काका मधेच म्हणाले, “त्या लाइनीचं एक सांगू का? 1951 ला बहुतेक रेल्वे सरकारच्या झाल्या, ही राहून गेली. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीच्या मालकीचीच राहिली. मुंबईतल्या किलिक निक्सन कंपनीकडं तिचा कारभार. गाडी चालवायची आपल्या रेल्वेनं अन् भाडं द्यायचं कंपनीला. मालक म्हणतो दुरुस्ती तुम्ही करा, चालवणारा म्हणतो लाइन तुमची. मधल्या मधे रूळ बसले.”

“बसले,” काकू म्हणाल्या आणि पुन्हा मेथी हातात घेतली. दोन्ही फाटे आता बंद आहेत. ब्रॉडगेजची मागणी निवडणूक आली की येते आणि निवडणूक गेली की जाते.

तेवढ्यात पलीकडच्या मावशी विरजणाची वाटी घेऊन आल्या. मावशी लातूरकडच्या. विषय काय चाललाय कळल्यावर त्यांनी वाटी भिंतीवर ठेवली ती ठेवलीच. “छोट्या गाडीचं बोलायलाव अन् बार्शी लाइट नाही? कमाल करताव बगा!”

आता खरं सांगायचं, तर छोट्या गाड्यांच्या या माहेरवाशिणींत बार्शी लाइटचा मान सगळ्यात मोठा. 1897 साली बार्शी ते आजच्या कुर्डुवाडीपर्यंत सुरू झाली. 1906 ला पंढरपूरला पोचली, 1911 ला लातूरला आणि 1927 ला मिरजेला. सव्वातीनशे किलोमीटरची झाली. आषाढीला कुर्डुवाडीत मोठ्या गाडीतून उतरणारी सगळी वारी ही छोटी गाडी पंढरपूरला नेऊन सोडायची. 1954 ला ती सरकारची झाली आणि 2001 पासून एकेक तुकडा करत तिचे रूळ रुंद होत गेले. आज लातूरहून मुंबईला झोपून जाता येतं, ते त्याच वाटेनं.

पण मला मावशींना सांगायचं होतं ते वेगळंच. म्हटलं, “मावशी, तुमची बार्शी लाइट आणि हिच्या नाशिकची ट्राम, दोघींचा इंजिनिअर एकच होता.”

“काय सांगतीस!”

एव्हरार्ड कालथ्रॉप त्याचं नाव. 1882 ला जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. नाशिकच्या ट्रामचा सल्लागार तोच. पुढं नोकरी सोडली आणि बार्शीच्या मागं लागला. त्याचं डोकं एका गोष्टीवर चालायचं. रूळ हलका ठेवला तर लाइन स्वस्तात पडते, पण हलक्या रुळाला जड इंजिन सोसत नाही. मग त्यानं इंजिन असं घडवून घेतलं की कुठल्याच जोड-चाकावर पाच टनांच्या वर भार पडू नये. डबे-वाघिणींनाही तोच नेम. सगळ्या चाकांखाली सारखं वजन. मोंढ्यात हळदीचा ट्रक खाली करताना मुकादम एकाच हमालाच्या पाठीवर दोन पोती देत नाही, सगळ्यांना एकेक देतो, तसं. त्यामुळे यार्डाला तीस पौंड वजनाच्या, म्हणजे अगदी किरकोळ रुळांवरून भरभक्कम माल जाऊ लागला. हे सगळं इकडं पाठवण्याआधी त्यानं इंग्लंडमध्ये लीड्सजवळ रूळ मांडून लोकांना चालवून दाखवलं होतं.

“म्हणजे माझी ट्राम आणि मावशींची गाडी चुलत बहिणी,” सून म्हणाली.

“सख्ख्या म्हण,” मावशी म्हणाल्या, आणि काकूंच्या लक्षात आलं की पक्ष बदलले आहेत.

या कालथ्रॉपची आणखी एक गंमत मला आवडते. त्याला घोड्यांचं भारी वेड. अरबी घोडे पाळायचा, घोड्यांवर पुस्तकही लिहिलं. चार घोड्यांच्या ट्रामला सल्ला द्यायला असाच माणूस हवा. आणि म्हातारपणाकडं झुकल्यावर विमानातून उडी मारायची छत्री केली. पॅराशूट. तिचं नाव ‘गार्डियन एंजल’. पहिल्या महायुद्धात हेरांना शत्रूच्या मुलखात उतरवायला ती वापरली. नाशिक, बार्शी आणि मग आकाश! आपल्याकडं बार्शीत त्याच्या नावाचा एखादा चौक असायला हरकत नव्हती.

काका वर्तमानपत्राची घडी करून भिंतीपाशी आले. मी त्यांना मोबाइलवर भाच्यानं पाठवलेला व्हिडिओ दाखवला. भाचा बेल्जियममध्ये नोकरीला आहे. तिथं समुद्राच्या कडेनं एक ट्राम जाते, या टोकाच्या गावापासून त्या टोकाच्या गावापर्यंत, 67 किलोमीटर. 1885 पासून चालू आहे. पूर्वी त्या देशात गावोगाव असेच छोटे रूळ होते, चार हजार किलोमीटरच्या वर. शेतातला बीट, दूध, शाळेची पोरं, सगळं त्यावरून. आता त्यातलं थोडंच उरलंय, त्यात ही समुद्राकाठची लाइन मुख्य. व्हिडिओत ती कुठं रेल्वेसारखी मोकळ्या वाळूतून पळते, कुठं गावात शिरून दुकानांसमोर थांबते.

“गेज किती?” काकांनी पहिलं विचारलं. पोरगा कुठं राहतो, पगार किती, लग्न कधी, हे काकू विचारतात. काका गेज विचारतात.

“मीटर.”

“मग ते नॅरो नाही. एक हजार मिलीमीटर म्हणजे मीटरगेज. नॅरो म्हणजे 762, नाही तर माथेरानचं 610.”

“तिकडं चार फूट साडेआठ इंचांच्या आतलं सगळं नॅरोच धरतात, काका.”

काका गप्प झाले. हिशेब चालला होता. मग म्हणाले, “म्हणजे त्यांच्या मापानं आपली पूर्णा-अकोला लाइन 2008 पर्यंत नॅरो गेजच होती की.”

होतीच. 1912 साली निजामाच्या रेल्वेनं पूर्णेहून हिंगोलीपर्यंत मीटरगेज आणली. पुढं अकोला-खंडव्याकडं ती जोडली जायला स्वातंत्र्यानंतरचं दशक उलटलं. मग मीनाक्षी एक्स्प्रेस आली आणि हिंगोलीचा माणूस गाडी न बदलता राजस्थानात जाऊ लागला. त्या एक्स्प्रेसचं कौतुक सगळे सांगतात. काका सांगतात ते पॅसेंजरचं.

“बोल्डा, सिरली, चोंढी, वसमत. दर स्टेशनावर दुधाचे कॅन चढायचे, खिडकीच्या गजाला बाहेरून अडकवलेले. गाडी सुटली की घंटा वाजवल्यासारखा एकच खणखणाट. कोणता कॅन कोणत्या डब्याला, हे दूधवाल्याच्या आधी आमच्या पोर्टरला माहीत. सोमवारी औंढ्याला जाणारे वेगळे, वसमतच्या बाजाराचे वेगळे. एक म्हातारी चोंढीला रोज गाडी हलली की ओरडायची, थांबा रे, मी आले. अन् ड्रायव्हर थांबायचा. तिला तिकिटाचं विचारायची कुणाची छाती नव्हती.”

“मग ती पण ट्रामच,” काकू म्हणाल्या. मघापासून त्या वाट बघत होत्या. “हात केला की थांबायची ना?”

“हात नाही, आवाज.”

“एकच झालं.”

मला विचाराल तर काकूंचं बरोबर आहे. कागदावर काय लिहिलं होतं त्यानं ट्राम ठरत नाही, कोण बसतं आणि कशासाठी बसतं त्यानं ठरते. मुंबईची ट्राम 1874 ला घोड्यांवर सुरू झाली, 1907 ला विजेवर गेली आणि 31 मार्च 1964 ला बंद झाली. तिच्यात लोक कचेरीत जायला बसायचे. शकुंतलेत, बार्शी लाइटीत, आमच्या पॅसेंजरमध्ये बाजाराला, शाळेला, दवाखान्याला, लेकीच्या बाळंतपणाला बसायचे. लांबचा प्रवास कुणी त्यांच्या भरवशावर करत नव्हतं.

“मग गेल्या कामून सगळ्या?” मावशींनी विचारलं. वाटीतलं विरजण एव्हाना उन्हानं फुटलं होतं.

“रस्त्यानं खाल्ल्या,” काका म्हणाले. “अन् मोटार कुणी आणली, माहीत आहे का? आपल्याकडं रेल्वेनंच आणली. निजामाच्या रेल्वेनं 1932 साली स्वतःच बस खातं काढलं, 27 गाड्यांनी सुरुवात केली. हैदराबाद संस्थानातली एसटी रेल्वेच्या पोटातून निघाली.”

नाशिकची ट्राम बंद पडली तेही तेच साल, एखाद-दोन वर्षं इकडं-तिकडं. छोट्या गाडीचं मरण तिच्या हळूपणात आहे असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. हळू तर ती पहिल्या दिवसापासून होती आणि पन्नास वर्षं लोक तिच्यात खुशीनं बसले. जिथं बस दारात आली तिथं ती गेली. बसला रूळ लागत नाहीत, आणि रस्त्याची दुरुस्ती बसच्या मालकाला करावी लागत नाही. रेल्वेला मात्र रूळही स्वतःचे सांभाळायचे आणि फाटकही. या हिशेबात छोटी गाडी कशी टिकेल? शकुंतलेसारखी मालकीची भानगड असेल तर विचारूच नका.

आणि बस आली म्हणून छोटी गाडी गेली, हे खरं की खोटं बघायचं, तर एकच जागा उरली आहे. माथेरान.

माथेरानची गाडी आदमजी पीरभॉय यांच्या पैशातून उभी राहिली, 1904 ला काम सुरू आणि 1907 ला गाडी वर. रूळ दोन फुटी, नेरळपासून वीस-एकवीस किलोमीटर, नुसती वळणं. 2005 च्या पुरानं ती वाहून गेली, परत बांधली. 2016 ला डबे घसरले, बंद झाली. 2019 ला पावसानं रूळ उखडले, 2022 ला पुन्हा चालू झाली. एवढ्या वेळा दुसरी कुठली लाइन पडली असती तर कुणी उचलली नसती. हिला उचलावंच लागलं, कारण माथेरानात मोटारीला बंदी आहे. मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. तिथून पुढं पाय, घोडा, नाही तर ही गाडी. दस्तुरीजवळच्या अमन लॉज स्टेशनापासून माथेरानच्या बाजारापर्यंत ती शटलसारखी दिवसभर ये-जा करते. पर्यटक असतात, पण गावातले लोकही असतात, शाळेची मुलं असतात, सामान असतं. पावसाळ्यात नेरळहून वर येणारी गाडी बंद ठेवतात, शटल मात्र चालूच. आख्ख्या महाराष्ट्रात आज ट्राम म्हणावी अशी अरुंद रुळांची गाडी उरली असेल तर ती ही एवढी. अलीकडं तिथं ई-रिक्षा आल्या आहेत. पुढं काय होतं ते बघायचं.

“आणि नाशिकला आता मेट्रो येणार आहे,” सुनेनं शेवटचा बाण काढला. “निओ मेट्रो.”

“रबरी टायरची,” काका म्हणाले. “रूळ नाहीत तिला. 2021 च्या बजेटात 2,092 कोटी जाहीर झाले. तुझ्या पणजोबांच्या ट्रामला रूळ होते अन् ती चालली. हिची नुसती बातमी चालली.”

सासू हसली, सून पण हसली. मावशी फुटलेलं विरजण घेऊन परत गेल्या, त्याची कढी होणार होती. काकूंनी मला एक मेथीची जुडी दिली आणि जाता जाता सुनेला म्हणाल्या, “सुट्टीत जाऊ एकदा त्या माथेरानला. तुझी ट्राम कशी असेल, ते तरी कळंल.”

हिंगोलीकरांसाठी सांगून ठेवते. 2024 पासून मुंबईची जनशताब्दी आपल्या हिंगोली डेक्कनवरूनच सुटते. कल्याणला उतरा, कर्जत लोकल धरा, नेरळला उतरा. पावसाळा असेल तर नेरळहून टॅक्सीनं दस्तुरीला जा आणि अमन लॉजला तिकीट काढा. शनिवार-रविवार टाळा, रांग मोठी असते.